अलंकार : पाठ करण्याचे कीं खेळण्याचे ?

मराठी शाळेंतून शिकून बाहेर पडलेल्या एखाद्या गृहस्थास किंवा गृहिणीस भर मध्यरात्रीं उठवून 'उपमा कशास म्हणतात ?' असें विचारलें, तरी दोन वस्तूंमधील साधर्म्य, त्याचें चमत्कारपूर्ण वर्णन वगैरे शब्दांनीं युक्त असें उत्तर अर्धवट झोपेंतहि बहुधा बिनचूक मिळेल. परंतु त्याच व्यक्तीस 'आज सकाळपासून आपण स्वतः किती अलंकार योजिले ?' असा प्रश्न केला, तर ती आपल्याकडे संशयानें पाहूं लागेल. 'भाजीवाल्यानें कोथिंबिरीच्या काड्या सोन्यासारख्या मोजून दिल्या', 'कचेरींत आज नुसता मासळीबाजार भरला होता', 'धाकट्याचें डोकें म्हणजे दगड' हीं वाक्यें तिनें दुपारच्या आंतच उच्चारलेलीं असतात. पण त्यांत कांहीं अलंकार आहे हें तिच्या गांवींहि नसतें. अलंकार म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकांतील शेवटच्या पानांवरची एक यादी, आणि ती तोंडपाठ करणें म्हणजे अलंकार शिकणें, अशी समजूत आपल्या शिक्षणपद्धतीनें पिढ्यान् पिढ्या दृढ करून ठेविली आहे.

ह्या पाठांतरास जोड म्हणून वर्गावर्गांतून एक गुप्त विद्याहि चालत आलेली आहे. 'सारखा', 'समान', 'प्रमाणें' दिसलें कीं उपमा. 'जणूं', 'गमे', 'भासे' दिसलें कीं उत्प्रेक्षा. आणि ह्यांपैकीं कांहींच दिसलें नाहीं कीं रूपक! ही किल्ली कुलपास बहुतेक वेळां लागतेहि. पण तिचा खरा पराक्रम पाहावयाचा असेल, तर विद्यार्थ्यांपुढें 'बाळ सकाळपासून सारखा रडतो आहे' हें वाक्य ठेवून पाहावें. निम्म्या वर्गाचे हात उपमेसाठीं वर होतात. आणि 'बाळ हें उपमेय व सकाळ हें उपमान' असें सांगणारा एखादा धीट वीरहि निघतो.

वस्तुतः साम्य सांगितलें कीं उपमा झाली, असें आपल्या शास्त्रकारांनीं कधींच म्हटलेलें नाहीं. न्यायशास्त्रांत 'उपमान' हें ज्ञानाचें एक प्रमाण मानिलें आहे, आणि त्याचें ठरलेलें उदाहरण गवयाचें. ज्यानें गवय कधीं पाहिलेला नाहीं अशा नागरिकास रानांत राहणारा मनुष्य सांगतो कीं, गवय हा गाईसारखा असतो. पुढें रानांत तसा प्राणी दृष्टीस पडतांच नागरिक त्यास ओळखतो. ज्ञान झालें, काव्य मात्र झालें नाहीं. साहित्यशास्त्रकारांचें म्हणणें असें कीं, येथें साम्य आहे, पण अलंकार नाहीं, कारण मनास आल्हाद देणारा चमत्कार नाहीं. भरताच्या नाट्यशास्त्रांत उपमा, रूपक, दीपक व यमक असे अवघे चारच अलंकार सांगितलेले आहेत. सोळाव्या शतकांतील अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदां'त त्यांची संख्या शंभरावर गेली. यादी वाढली तशी यादीच शिकविण्याची सोय झाली, आणि चमत्कार मागें राहिला.

हा चमत्कार वर्गांत परत आणण्याचा एक उपाय म्हणजे खेळ. खेळ म्हणजे धड्याच्या शेवटीं हातावर ठेवलेली साखर, असा येथें अर्थ नाहीं. खेळ हाच धडा. आम्हीं पाहिलेला प्रयोग एका मराठी शाळेंत इयत्ता आठवीच्या वर्गांत झाला. साहित्य म्हणाल तर पुठ्ठ्याच्या चार पाट्या, सुतळी, आणि टोपीभर कागदाच्या चिठ्ठ्या. ह्याहून अधिक कांहीं नाहीं.

चार मुलें फळ्यापुढें ओळीनें उभीं राहतात. एकाच्या गळ्यांत 'उपमेय', दुसऱ्याच्या 'उपमान', तिसऱ्याच्या 'साधारण धर्म' आणि चौथ्याच्या गळ्यांत 'साधर्म्यवाचक शब्द' अशी पाटी असते. वर्गानें एक वाक्य रचावयाचें आणि त्याचे चार तुकडे ह्या चौघांनीं एकामागून एक म्हणावयाचे. त्या दिवशीं वर्गानें दिलेलें वाक्य होतें : 'आजीचा तळहात जुन्या नकाशासारखा रेघारेघांचा आहे.' चौघेहि हजर, म्हणजे पूर्णोपमा. येथपर्यंत सर्व कांहीं पुस्तकाप्रमाणें. मग बाई टाळी वाजवितात आणि चौघांपैकीं एकास खालीं बसावयास सांगतात. उरलेल्या तिघांनीं वाक्य उभें ठेवावयाचें.

प्रथम साधारण धर्म खालीं बसला. 'आजीचा तळहात जुन्या नकाशासारखा आहे' एवढेंच उरलें. आतां त्या रिकाम्या जागेंत काय काय येऊं शकेल, हें सांगण्याची पाळी वर्गाची. 'रेघारेघांचा' हें तर होतेंच. एकीनें 'घड्या पडलेला' म्हटलें, दुसरीनें 'पिवळट' म्हटलें, मागच्या बाकावरून 'कडांना मऊ झालेला' असें आलें. आणि मग एक मुलगा म्हणाला, 'तो पाहिला कीं ती कुठें कुठें राहिली तें कळतें.' बाईंनीं खडू खालीं ठेवला. पूर्णोपमेनें एकच वाट मोकळी ठेविली होती. धर्म उठून गेल्याबरोबर चार वाटा झाल्या, आणि त्यांतली शेवटची तर उपमा देणारांच्याहि स्वप्नांत नव्हती. लुप्तोपमा ही पूर्णोपमेची कांहीं अपुरी, अंगानें अधू अशी बहीण नव्हे, हें त्या दहा मिनिटांत जितकें कळलें, तितकें व्याख्येनें दहा वर्षांत कळत नाहीं.

नंतर 'सारखा' हा शब्द खालीं बसला आणि वाक्य कोसळलें. उपमेय आणि उपमान हीं दोन मुलें क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिलीं, मग त्यांनीं हात धरले, आणि 'आजीचा तळहात म्हणजे जुना नकाशाच' असें वाक्य उभें राहिलें. येथें एखादे शास्त्रीबुवा हरकत घेतील कीं, वाचक शब्द नुसता लोपल्यानें रूपक होत नाहीं. ती लुप्तोपमाच राहते. रूपकास अभेदाचा आरोप लागतो. हरकत रास्त आहे. बाईंनींहि तेंच विचारलें, मात्र वेगळ्या भाषेंत : 'तुम्ही हात नुसते धरले आहेत, कीं दोघे मिळून एकच झालां आहांत ?' मुलांनीं थोडा विचार केला आणि दोघांनीं एकच पाटी गळ्यांत घालून पाहिली. अभेद म्हणजे काय, ह्याचें ह्याहून सोपें चित्र आमच्या पाहण्यांत नाहीं.

शेवटीं उपमेय स्वतःच खालीं बसलें. उपमान एकटेंच उभें राहिलें. वर्गानें त्याला वाक्य दिलें : 'जुना नकाशा माझ्या केसांवरून फिरला आणि मला झोप लागली.' सर्वांना हसूं आलें. पण अर्थ सर्वांना कळला होता. बाहेरून आलेल्या नव्या मुलाला तो कळेल काय, ह्यावर मात्र वाद झाला. शास्त्रांत ह्या प्रकारास रूपकातिशयोक्ति म्हणतात. उपमानानें उपमेयास गिळून टाकिलें आहे असें तिचें वर्णन करितात, आणि 'गिळणें' हा शब्द शास्त्रकारांचाच आहे. मुलांनीं मात्र त्यास सरळ 'कोडें' असें नांव दिलें.

मुलांचें म्हणणें अगदीं खरें आहे. कोडें म्हणजे उपमेय लपवून ठेवलेलें रूपक, आणि कोडें सोडविणें म्हणजे गिळलेलें उपमेय उपमानाच्या पोटांतून बाहेर काढणें. ॲरिस्टॉटलनें आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथांत चांगल्या कोड्यांतून चांगलीं रूपकें मिळतात असें सांगून ठेविलें आहे, तें ह्याच कारणासाठीं. आपल्याकडे तर ह्या विद्येची शाळा घराघरांत भरत असे. कोंकणांत व गोमंतकांत जें 'हुमाण', तेंच देशावरचें कोडें; आणि 'उखाणा' ह्या शब्दालाहि, आज आपण केवळ नांव घेण्याच्या प्रसंगीं त्याची आठवण करीत असलों, तरी कोड्याचा अर्थ आहेच. वर्गानें त्या दिवशीं स्वतः रचलेलें एक कोडें असें : बारा घरांच्या वाड्यांत दोन पाहुणे, एकाला घाई, एकाला सवड, रात्रंदिवस फिरतात, पण जेवायला कोणाच्याच घरीं थांबत नाहींत. उत्तर भिंतीवरच टांगलेलें होतें. तें सांपडावयास पांच मिनिटें लागलीं, आणि तीं त्याच घड्याळावर मोजलीं गेलीं.

दुसऱ्या दिवशींचा खेळ वेषांतराचा. त्याची कल्पना मूळ अप्पय्य दीक्षितांची म्हटली तरी चालेल. 'चित्रमीमांसा' ह्या ग्रंथांत त्यांनीं म्हटलें आहे कीं, उपमा ही एकच नटी काव्याच्या रंगभूमीवर नाना भूमिका घेऊन नाचते आणि जाणत्यांचें मन रिझविते. आणि मग मुख व चंद्र ही एकच जोडी घेऊन एकामागून एक अलंकार कसे होतात, हें त्यांनीं दाखविलें आहे. मुख आणि चंद्र ह्यांस वर्गांत आणावयाचें नाहीं, असें बाईंनीं आधींच ठरविलें होतें. चंद्रानें पुष्कळ काम केलें आहे. त्याला आतां विश्रांति द्यावी, हें आमचेंहि मत आहे. मुलांनीं जोडी निवडली ती गल्लीच्या तोंडाशीं असलेला वड आणि आजोबा अशी. टोपींतून चिठ्ठी काढावयाची, तीवर जो अलंकार असेल तो वेष ह्या जोडीस चढवावयाचा, आणि दुसऱ्या पक्षानें तो बरोबर बसला कीं नाहीं हें सांगावयाचें.

उपमा सर्वांत आधीं निघाली : 'वड आजोबांसारखा सगळ्या गल्लीवर लक्ष ठेवून असतो.' रूपक : 'वड म्हणजे गल्लीचे आजोबाच.' उत्प्रेक्षेची चिठ्ठी ज्या मुलीस आली, ती म्हणाली, 'वाऱ्यानें पारंब्या हलल्या कीं वाटतें, जणूं आजोबाच दाढी विंचरीत आहेत.' अपन्हुतींत मूळ वस्तु नाकारावयाची असते : 'ह्या पारंब्या नव्हेत, ही तर आजोबांची दाढी.' ससंदेहांत निर्णयच करावयाचा नाहीं : 'हा वड म्हणावा, कीं पाय सोडून बसलेले आजोबा ?' भ्रांतिमान् ह्या अलंकारांत खरोखर चूक व्हावी लागते. तेव्हां 'अंधारांत वडाला आजोबा समजून धाकट्यानें खिशांतली गोळी लपविली' हें वाक्य आलें आणि वर्गानें बाक वाजविले. प्रतीपांत जोडी उलटी होते, उपमानालाच उपमेयाच्या जागीं बसावें लागतें : 'आजोबा अलीकडे वडासारखे दिसतात.' अनन्वयास दुसरें कोणी लागतच नाहीं : 'ह्या वडासारखा हाच वड.' ससंदेह आणि भ्रांतिमान् ह्यांतील भेद वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांच्या डोक्यांत घोटाळा करीत आला आहे. येथें तो कोणी समजावून सांगितला नाहीं. एकांत मनुष्य दाराशीं उभा राहून विचार करितो, दुसऱ्यांत तो आंत जाऊन फसतो, असें एका विद्यार्थिनीनें परस्पर सांगून टाकिलें.

व्यतिरेकाची चिठ्ठी एका अबोल मुलास आली. व्यतिरेकांत उपमेय हें उपमानाहून वरचढ आहे असें दाखवावयाचें असतें. तो बराच वेळ उभा होता. शेवटीं म्हणाला, 'आजोबा गेले. वड आहे.' दुसऱ्या पक्षास 'बरोबर' किंवा 'चूक' असें ओरडण्याचा अधिकार होता; तो कोणीं वापरला नाहीं. बाईंनीं दोन गुण लिहिले आणि टोपी पुढच्या मुलीपुढें धरली.

गुण देण्याची रीतहि सांगण्यासारखी आहे. अलंकार शास्त्रशुद्ध बसला तर एक गुण, आणि उपमान नवें असेल तर आणखी एक. कमळासारखे डोळे, मोत्यांसारखे दांत, हरिणीसारखी चाल ह्यांस शून्य. कारण तीं उपमानें शिळीं आहेत. ह्याहून कडक नियम असा कीं, उपमान स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलें पाहिजे. तिसऱ्या मजल्यावरील घरांत वाढलेल्या मुलानें राजहंस पाहिलेला नसतो. पण तव्यावर फुगणारी पोळी, गॅलरींत वाळत घातलेली चादर, आगगाडीच्या डब्यांत उभ्या उभ्या झोपणारा मनुष्य हीं त्यानें पाहिलेलीं असतात. ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें गीतेवर भाष्य केलें, तेव्हां वेदान्तासारखा विषय समजावण्यासाठीं त्यांनीं दिवा, मीठ, पाणी, आरसा, गाय आणि वासरूं हींच उपमानें पुनः पुनः हातीं घेतलीं. एकनाथांच्या भारुडांतील विंचू हा तर कामक्रोधांचें रूपक असून वर्गांत नांगीसकट उभा करतां येतो. ज्या मुलास चिठ्ठी काढून बोलण्याची भीति वाटते, त्याला विंचू किंवा मांत्रिक केल्यास तो न सांगतां बोलूं लागतो.

हा खेळ कोणत्या वयांत आरंभावा, ह्याविषयीं मात्र थोडें सावध असावें. १९७६ सालीं एलन विनर व हॉवर्ड गार्डनर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं आपल्या एका सहकारिणीसह एक अभ्यास प्रसिद्ध केला. तुरुंगाचा पहारेकरी वर्षानुवर्षांच्या नोकरीनें कठीण खडक बनला, अशा आशयाचें वाक्य त्यांनीं निरनिराळ्या वयांच्या मुलांना समजावून सांगावयास लाविलें. सहासात वर्षांच्या मुलांपैकीं कांहींनीं सांगितलें कीं, कोणीतरी जादूनें त्याचा खडक केला. कांहींनीं खडकाच्या भिंतींच्या तुरुंगांत तो काम करीत असावा असें ठरविलें. त्याहून थोडीं मोठीं मुलें पहारेकऱ्याचे स्नायूच दगडासारखे टणक झाले असें म्हणालीं; आणि दहा वर्षांच्या सुमारास मात्र कठीण झालें तें मन, हा अर्थ सांपडूं लागला. ह्याचा अर्थ लहान मुलांस रूपक येत नाहीं असा नव्हे. काकडीची चकती दांतांत धरून 'मी चंद्र खाल्ला' म्हणणारें तीन वर्षांचें मूल आपल्यापैकीं प्रत्येकाच्या घरीं होऊन गेलेलें असतें. विनर ह्यांच्याच अभ्यासांत असेंहि आढळलें कीं, शाळेपूर्वीच्या वयांत मुलें अशीं रूपकें सहज करितात आणि शाळेच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्यांचें प्रमाण घटतें. म्हणजे चौथीपर्यंत कोडीं आणि वेषांतरें तोंडीं खेळावींत, पाट्या आणि शास्त्रीय नांवें पुढें आणावींत, हें बरें.

तिसरा खेळ घरच्या अभ्यासाचा. जॉर्ज लेकॉफ व मार्क जॉन्सन ह्या दोघांनीं १९८० सालीं एका पुस्तकांत असें प्रतिपादन केलें कीं, रूपक हें केवळ कवींचें भूषण नसून आपला रोजचा विचारच रूपकांच्या आधारानें चालतो. वेळ आपण 'घालवितों', 'वांचवितों', 'खर्च करितों'. म्हणजे वेळ हा पैसा आहे असें न बोलतां मान्य करून मगच बोलूं लागतों. बाईंनीं मुलांस सांगितलें कीं, आठवडाभर घरांतलें बोलणें कान देऊन ऐका आणि त्यांत दडून बसलेलीं रूपकें पकडून आणा. आठ दिवसांत वही भरली. त्यांत पोट ही एक मोठी कोठी निघाली : गोष्ट पोटांत ठेवितात, कोणाच्या पोटांत ती राहत नाहीं, अपमान गिळतात, यश सर्वांना पचत नाहीं, आणि गोड बोलून लोक पोटांत शिरतात. राग हा सर्वत्र विस्तव : डोकें तापतें, माणूस भडकतो, धुमसतो, शेवटीं थंड होतो. 'आमच्या घरीं आजी रोज इतके अलंकार घालते, आणि ती म्हणते मला व्याकरण येत नाहीं,' असें एका मुलानें नवलानें सांगितलें. इंग्रजी माध्यमांत शिकणाऱ्या नातवंडांना आजीचें बोलणें 'कळतें', म्हणजे शब्द कळतात. पण ती 'हो, तुझें काय, तूं मोठा झालास' असें म्हणते तेव्हां ती शाबासकी देते आहे कीं कान टोंचते आहे, हें कळत नाहीं. अशा घरांत ही वही शाळेच्या सक्तीशिवायहि ठेवावी.

ह्या तिसऱ्या खेळांतच एका मुलीनें एक वाक्य आणलें : 'मुलगी म्हणजे परक्याचें धन.' तें तिनें एका लग्नघरीं ऐकलें होतें. बाईंनीं तें इतर वाक्यांप्रमाणेंच फळ्यावर लिहिलें आणि पाट्या वांटल्या. उपमेय मुलगी, उपमान परक्याचें धन. साधारण धर्माची जागा मात्र कोरी. ती भरण्याचें काम वर्गाचें. 'जपावें लागतें.' 'आपल्याला खर्च करतां येत नाहीं.' 'मालक आला कीं परत द्यावें लागतें.' 'हरवलें तर आपली नाचक्की.' फळा भरत चालला. मग वाक्य आणणारी मुलगीच म्हणाली, 'बाई, पण धनाला कोणी विचारत नाहीं, तुला कुठें जायचें आहे म्हणून.' दुसरी म्हणाली, 'आणि हा मालक कोण, तें आधीं कोणालाच ठाऊक नसतें.' एका मुलास वेगळीच शंका आली : 'आजोबांनीं माझी आई बाबांना परत केली म्हणतां, पण ती त्यांच्याकडून आणली होती कधीं?'

हें रूपक आपल्या घरांत कालपरवां आलेलें नाहीं. शाकुंतलाच्या चौथ्या अंकाच्या अगदीं अखेरीस, शकुंतलेस सासरीं धाडून दिल्यावर, कण्व मुनि म्हणतात कीं, कन्या हें परक्याचेंच द्रव्य. आज तिला तिच्या पतीकडे पाठविल्यानें, एखाद्याची ठेव परत करून मोकळें व्हावें, तसें आपलें अंतःकरण प्रसन्न झालें आहे. श्लोकांत उपमान स्पष्ट आहे, 'इव' हा वाचक शब्द आहे, धर्महि आहे. पूर्णोपमा म्हणून तो निर्दोष. संस्कृत शिकलेल्या घरांतून तो किती पिढ्यांनीं पाठ केला असेल आणि किती पाठवणींच्या वेळीं डोळे पुसतां पुसतां म्हटला असेल, ह्याची गणति नाहीं. परंतु त्याच नाटकांत पुढें काय होतें ? पांचव्या अंकांत ज्याची ठेव, तोच ती ओळखत नाहीं. दुर्वासाच्या शापानें म्हणा, पण भर दरबारांत दुष्यंत तिला नाकारतो. आणि मग जें कोणत्याहि ठेवीनें कधीं केलें नाहीं तें ही ठेव करिते : ती बोलूं लागते, संतापते, राजास 'अनार्य' म्हणते. कालिदासानें उपमा घातली ती मुलीच्या वियोगानें व्याकुळ झालेल्या एका प्रेमळ पालक पित्याच्या मुखांत. ती कोठवर टिकते, हें त्यानें पुढच्याच अंकांत रंगभूमीवर दाखविलें. आपण चौथा अंक पाठ केला आणि पांचवा परीक्षेपुरता वाचला.

ठेव बोलत नाहीं आणि मुलगी बोलते, हा भेद त्या वर्गांतील मुलीनें शोधून काढला, तेव्हां तिनें शाकुंतल वाचलेलें नव्हतें. तिनें फक्त साधारण धर्माची पाटी रिकामी ठेवून पाहिली होती. व्यतिरेक म्हणतात तो हाच. कायद्यासहि हा व्यतिरेक उशिराच दिसला : महाराष्ट्रानें १९९४ सालीं त्या वेळीं अविवाहित असलेल्या कन्येस, आणि केंद्रानें २००५ सालीं सर्वच कन्यांस, एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलाप्रमाणें जन्मतः सहहिस्सेदार मानिलें. धनाची मालकीण धन कशी असेल, हा प्रश्न त्यानंतरहि लग्नघरांत फारसा कोणी विचारीत नाहीं, ही गोष्ट वेगळी.

त्या आठवड्यांत एका पालकांची चिठ्ठी आली : अलंकार शिकवावेत, घरच्या म्हणी उकलूं नयेत. ह्या तक्रारीस हंसण्यावारी नेणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. घरच्या म्हणी बहुधा मायेनें उच्चारलेल्या असतात. 'परक्याचें धन' म्हणणाऱ्या आजीनेंच नातीच्या शिक्षणासाठीं आपल्या बांगड्या मोडल्या, असेंहि घडलेलें आहे. मुलांनीं घरीं जाऊन वडील माणसांच्या बोलण्यांतील उपमानें तपासत बसावें, हें कोणास रुचेल ? पण म्हणणारीची माया खरी आणि तिच्या तोंडचें रूपक खोटें, हीं दोन्ही एकाच वेळीं असूं शकतात. आणि हा विवेक मुलांस बाराव्या-तेराव्या वर्षीं शिकविला नाहीं, तर तो पुढें जाहिरातवाले आणि सभांतून गर्जणारे वक्ते खासच शिकविणार नाहींत. त्यांचा धंदाच मुळीं धर्माची पाटी कोरी ठेवून उपमान विकण्याचा. बाईंनीं त्या पालकांस पुढच्या तासास वर्गांत येऊन बसण्याचें निमंत्रण दिलें. ते आले, मागच्या बाकावर बसले, आणि दुसऱ्या पक्षास दोन गुण कमी पडत होते तेव्हां त्यांना न राहवून त्यांनीं एक दृष्टांत सुचविला. तो नियमाबाहेर असल्यामुळें धरला गेला नाहीं.

दुसऱ्याहि हरकती आहेत, पण त्या इतक्या जड नाहींत. खेळानें गलका होतो; होतो खरा, शेजारच्या वर्गास आधीं सांगून ठेवावें. वेळ जातो, दोन तास व्याख्या लिहून घेण्यांतहि जातातच. परीक्षेंत व्याख्याच विचारली तर काय, ह्या प्रश्नास उत्तर असें कीं, ज्यानें चार पाट्या गळ्यांत घातल्या आहेत, त्यास व्याख्या आपल्या शब्दांत मांडतां येते; ज्यास पुस्तकांतील शब्दच हवेत, त्यानें परीक्षेच्या आदल्या रात्रीं ते पाठ करावेत, त्यास अर्धा तास पुरतो. ॲरिस्टॉटलची एक अडचण मात्र खरी आहे. काव्यावरील आपल्या ग्रंथांत तो म्हणतो कीं, रूपकावरील प्रभुत्व ही गोष्ट दुसऱ्यापासून शिकतां येत नाहीं. ती जन्मजात प्रतिभेची खूण. आमच्या मतें हें कवीपुरतें खरें असेल. टोपींतून चिठ्ठी काढणारांतून कवि निघेल अशी आशा कोणीं केलेलीहि नाहीं. दुसऱ्यानें पुढें केलेलें रूपक हातीं घेऊन उलटेंपालटें करून पाहणें ही मात्र शिकतां येण्यासारखी विद्या आहे, आणि ती त्या वर्गांतल्या चाळीसहि मुलांना थोडीफार आली.

घरीं हा खेळ करावयाचा असल्यास चार माणसें पुरतात. पांचवें असेल तर तें परीक्षक. पावसाळ्यांतील रविवारची दुपार सर्वांत सोयीची. आरंभीं उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अपन्हुति आणि व्यतिरेक ह्या पांचांच्याच चिठ्ठ्या टोपींत घालाव्यात. ससंदेह व भ्रांतिमान् चौथ्यापांचव्या डावाला आणावेत, आणि अनन्वय अगदीं शेवटीं, कारण तो फार सोपा असल्यामुळें मुलें त्याचीच मागणी करितात. उपमेय घरांतलें असावें, पण खेळणारांपैकीं कोणी नसावें. नाहींतर प्रतीपाच्या वेळीं भांडण होतें. चिठ्ठ्या पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाच्या कराव्यात आणि अक्षर मोठें व काळ्या शाईचें काढावें, म्हणजे आजीला चष्म्यासाठीं उठावें लागत नाहीं.